सिनेफील

चित्रपटकलेवर उत्कट, सातत्यपूर्ण आणि विवेचक प्रेम करणाऱ्या प्रेक्षकास उद्देशून योजली जाणारी मूळ फ्रेंच संज्ञा. या प्रेमवृत्तीस व तिच्याभोवती उभ्या राहिलेल्या संस्कृतीस ‘सिनेफिली’ असे म्हणतात. मराठीत तिच्यासाठी चित्रपटरसिक, चित्रपटप्रेमी, सिनेरसिक असे पर्याय वापरले जातात. परंतु त्यांपैकी एकही मूळ शब्दाचा सर्व आशय व्यक्त करीत नाही. चित्रपट आवडणे एवढाच या शब्दाचा अर्थ असता, तर जगातील बहुसंख्य प्रेक्षक सिनेफील ठरले असते. प्रत्यक्षात या शब्दाने निर्देशिलेला प्रेक्षक एका विशिष्ट काळात, विशिष्ट शहरात आणि विशिष्ट परिस्थितीत घडला. त्याच्या आवडीनिवडींतून चित्रपटाच्या इतिहासाची आज रूढ असलेली मांडणी बव्हंशी सिद्ध झाली. म्हणून या शब्दाचा विचार हा केवळ व्युत्पत्तीचा विचार राहत नाही. चित्रपट कोणी पाहावा, कसा पाहावा आणि त्याचे मोल कोणी ठरवावे, हे प्रश्नही त्यात येतात.

शब्दाचे दोन्ही घटक ग्रीक आहेत. ‘किनेमा’ म्हणजे गती. त्यास लेखनवाचक ‘ग्राफ’ हे पद जोडून ‘सिनेमातोग्राफ’ हे यंत्रनाम तयार झाले. लेआँ बूली या फ्रेंच संशोधकाने १८९२ मध्ये आपल्या यंत्रासाठी त्याची नोंद केली; पुढे ते ल्यूम्येअर बंधूंनी उचलले आणि त्यांच्याच नावाशी ते कायमचे निगडित झाले. २८ डिसेंबर १८९५ रोजी पॅरिसमधील ग्रां काफेत त्यांनी तिकीट लावून केलेला खेळ आणि ७ जुलै १८९६ रोजी मुंबईच्या वॉटसन हॉटेलात झालेला खेळ यांमध्ये जेमतेम सहा महिन्यांचे अंतर होते. लांबलचक यंत्रनामाचे बोलीत ‘सिनेमा’ व पुढे ‘सिने’ असे संक्षेप झाले. दुसरा घटक ‘फिलोस’ म्हणजे प्रिय किंवा मित्र. ग्रंथप्रेमी या अर्थाच्या ‘बिब्लिओफील’ या जुन्या शब्दाच्या धर्तीवर ‘सिनेफील’ हा शब्द बनला, हे उघड आहे. मात्र या साम्यात एक मोठा भेद दडलेला आहे. ग्रंथप्रेमी माणसाला ग्रंथ विकत घेता येतो, कपाटात ठेवता येतो, मध्यरात्री उघडता येतो. चित्रपटप्रेमी माणसाला मात्र चित्रपट जवळ बाळगता येत नसे. तो ठराविक वेळी, ठराविक पडद्यावर दिसे आणि नाहीसा होई; कित्येकदा पुन्हा कधीच दिसत नसे. आपल्या प्रेमविषयावर ज्याची मालकी कधीच असणार नाही, असा हा प्रेमी होता. त्याची वणवण, त्याच्या वह्या, याद्या, तोंडपाठ श्रेयनामावली आणि एकच चित्रपट दहादहा वेळा पाहण्याची त्याची सवय, या साऱ्यांचे मूळ या अभावात आहे. शब्दाची व्युत्पत्ती सांगताना हा मुद्दा सहसा सुटतो.

विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकापासून हा शब्द फ्रेंच नियतकालिकांत आढळू लागतो. त्या वेळी चित्रपट हे जत्रेतील करमणुकीचे साधन आहे, असाच सुशिक्षितांचा समज होता. त्यास कलेचा दर्जा मिळवून देण्याच्या खटपटीतून नवे शब्द घडविण्याची जणू चढाओढ सुरू झाली. मूळचा इटालियन पण पॅरिसवासी असलेला रिच्चोत्तो कान्यूदो याने १९११ मध्ये चित्रपटास सहावी कला म्हटले आणि पुढे हिशेब दुरुस्त करून सातवी कला ठरविले. ‘सातव्या कलेचे मित्र’ या नावाचे मंडळही त्याने १९२१ मध्ये स्थापन केले. या नावातील ‘मित्र’ हा शब्द म्हणजे ‘फिलोस’चाच अनुवाद होय. ल्वी दल्यूक (१८९०–१९२४) या समीक्षक-दिग्दर्शकाने ‘सिने-क्लब’ ही कल्पना व ‘सिनेआस्त’ हा शब्द रूढ केला. १९२४ पासून व्ह्यू-कोलोंब्ये, १९२६ पासून स्त्यूदिओ देझ उर्स्यूलीन, १९२८ पासून स्त्यूदिओ २८ अशी निवडक चित्रपटांसाठीची लहान चित्रपटगृहे पॅरिसमध्ये सुरू झाली. लेआँ म्यूसिनाकने १९२८ मध्ये ‘स्पार्टाकसचे मित्र’ या मंडळातर्फे सोव्हिएट चित्रपट दाखविले. त्यास मिळालेला कामगारवर्गाचा प्रतिसाद पाहून सरकारने ते मंडळ बंद पाडण्याची व्यवस्था केली. चित्रपटप्रेम हा निरुपद्रवी छंद नसून त्याची सत्तेला धास्ती वाटू शकते, याचे हे प्रारंभीचे उदाहरण आहे. लंडनमध्ये १९२५ साली स्थापन झालेली फिल्म सोसायटी ही याच प्रवाहातील होय.

या शब्दाचे शेजारी पाहिले म्हणजे त्याच्या अर्थाच्या सीमा अधिक स्पष्ट होतात. फ्रेंचमध्ये ‘सिनेआस्त’ म्हणजे चित्रपट करणारा. इंग्रजीत गेल्यावर मात्र त्याच शब्दाचा अर्थ चित्रपटाचा जाणकार प्रेक्षक असा झाला आणि तेव्हापासून दोन भाषांतील लेखकांची एकमेकांविषयी गल्लत होत आली आहे. इंग्रजीतील ‘फॅन’ हा ‘फॅनॅटिक’ या शब्दाचा संक्षेप समजला जातो. त्याच्या मुळाशी मंदिरवाचक लॅटिन शब्द आहे. तो अमेरिकेत आधी बेसबॉलच्या चाहत्यांना लागला व मग चित्रतारकांच्या. ‘बफ’ या शब्दाची कथा अधिक गमतीची आहे. न्यूयॉर्कमधील हौशी अग्निशामक पिवळट चामड्याच्या रंगाचे कोट घालीत. त्यावरून आगी पाहण्यास धावणाऱ्या बघ्यांना आणि पुढे कोणत्याही विषयाच्या हौशी शौकिनास ‘बफ’ म्हणू लागले. फॅन व्यक्तीवर लुब्ध असतो, बफ माहितीवर. सिनेफील या दोहोंहून निराळा असल्याचा दावा करतो. या दाव्यात तथ्य असले, तरी तो पूर्णतः मान्य करता येत नाही. चौथा शब्द ‘सिनेमान’ हा या दृष्टीने महत्त्वाचा आहे. त्यातील ‘मान’ म्हणजे उन्माद, वेड. फ्रांस्वा त्र्यूफो (१९३२–८४) याने १९४८ मध्ये, वयाच्या सोळाव्या वर्षी, स्वतःचा चित्रपट-क्लब काढला तेव्हा त्याच्या नावात त्याने ‘सिनेमान’ हाच शब्द घातला होता. सिनेफिलीचा जो पुढे आदर्श मानला गेला त्याने स्वतःला प्रथम वेडा म्हणवून घेतले, प्रेमी नव्हे. प्रेम आणि वेड यांतील ही सीमारेषा या संस्कृतीत नेहमीच पुसट राहिली.

‘सिनेफिली’ या संज्ञेने आज सामान्यतः जो कालखंड डोळ्यांपुढे येतो, तो १९४४ ते १९६८ हा होय. आंत्वान द बेक या फ्रेंच इतिहासकाराने २००३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात याच मर्यादा स्वीकारल्या आहेत. जर्मन अंमलाच्या काळात फ्रान्समध्ये अमेरिकी चित्रपटांना बंदी होती. युद्ध संपल्यावर, विशेषतः १९४६ च्या ब्लूम-बर्न्स करारानंतर, साचून राहिलेले अमेरिकी चित्रपट एकदम पॅरिसच्या पडद्यांवर लोटले. पाच-सहा वर्षांची निर्मिती काही महिन्यांत समोर आल्यामुळे प्रेक्षकाला एकेका दिग्दर्शकाचे चित्रपट शेजारीशेजारी ठेवून पाहता आले; अमेरिकेतील प्रेक्षकालाही ही सोय नव्हती. एकाच दिग्दर्शकाच्या पाच चित्रपटांत तोच दृष्टिकोन, तीच रचना, तोच ध्यास पुनःपुन्हा उमटतो, हे लक्षात येण्यास हा योगायोग कारणीभूत झाला. दिग्दर्शक हाच चित्रपटाचा कर्ता होय, या पुढे जगभर गाजलेल्या भूमिकेचा उगम तत्त्वचिंतनात शोधला जातो. पण तिला आयात-निर्यातीच्या वेळापत्रकाचाही मोठा हातभार लागला होता.

या प्रेक्षकांचे विद्यापीठ म्हणजे आंरी लांग्ल्वा (१९१४–७७) याने झॉर्झ फ्रांझ्यू व झां मित्री यांच्यासह १९३६ मध्ये स्थापन केलेले सिनेमातेक फ्रांसेझ हे चित्रपटसंग्रहालय. ‘बिब्लिओतेक’ म्हणजे ग्रंथालय; त्यावरून ‘सिनेमातेक’. लांग्ल्वाने युद्धकाळात चित्रपटांच्या प्रती लपवून वाचविल्या आणि जागा नसे तेव्हा न्हाणीघरातील टबातही रिळे ठेवली, अशी आख्यायिका आहे. १९४८ नंतर आव्हेन्यू द मेसीनवरील साठेक आसनांच्या सभागृहात तो रोज चित्रपट दाखवू लागला. एका संध्याकाळी जर्मन मूकपट, अमेरिकी विनोदपट आणि जपानी शोकनाट्य यांची मालिका लावण्यात त्याची खरी प्रतिभा होती. मूकपट तो संगीताच्या साथीशिवाय दाखवी आणि परभाषी चित्रपटांच्या प्रती पुष्कळदा उपशीर्षकांविना असत. संवाद कळत नसल्यामुळे प्रेक्षकाची नजर पात्रांच्या हालचाली, प्रकाश, चौकटीची रचना आणि दृश्याची लांबी यांवर खिळे. कथेपेक्षा दृश्यमांडणीला श्रेष्ठ मानणारी समीक्षा या सक्तीच्या अज्ञानातून काही प्रमाणात जन्मली, असे म्हणणे अतिशयोक्तीचे होणार नाही. ब्रिटिश संग्रहालयाचा प्रमुख अर्नेस्ट लिंडग्रेन याच्याशी लांग्ल्वाचा जुना वाद होता. एकमेव प्रत दाखवून झिजवू नये, ती आधी जतन करावी, असे लिंडग्रेन मानी. न दाखविलेला चित्रपट मेल्यातच जमा, असे लांग्ल्वाचे मत होते. शास्त्रीय दृष्टीने लिंडग्रेनची बाजू निःसंशय बळकट होती. परंतु लिंडग्रेनच्या कोठारातून दिग्दर्शकांची पिढी निर्माण झाली नाही, ती लांग्ल्वाच्या अंधाऱ्या खोलीतून झाली, हेही तितकेच खरे.

एरिक रोमेर (१९२०–२०१०), झाक रिव्हेत (१९२८–२०१६), झां-ल्यूक गोदार (१९३०–२०२२), क्लोद शाब्रोल (१९३०–२०१०) आणि त्र्यूफो हे या सभागृहाच्या पुढच्या रांगांतील नेहमीचे प्रेक्षक होत. पडदा दृष्टीत मावू नये, त्याने आपल्याला गिळून टाकावे, म्हणून पुढे बसावयाचे, असा त्यांचा दंडक होता. महाराष्ट्रात पुढच्या रांगा सर्वांत स्वस्त असत, आणि ‘पिटातला प्रेक्षक’ हा शब्दप्रयोग अभिरुचिहीनतेचा वाचक बनला. पॅरिसच्या या तरुणांनी तीच जागा हट्टाने निवडली, हा विरोधाभास ध्यानात घेण्याजोगा आहे. आंद्रे बाझँ (१९१८–५८) व त्याच्या सहकाऱ्यांनी एप्रिल १९५१ मध्ये सुरू केलेल्या ‘काये द्यू सिनेमा’ या मासिकात ही मंडळी लिहू लागली. जानेवारी १९५४ च्या अंकात त्र्यूफोने प्रतिष्ठित फ्रेंच चित्रपटांच्या वाङ्मयीन सफाईवर घणाघाती लेख लिहिला. लोकप्रिय अमेरिकी करमणूक करणारे म्हणून गणले जाणारे हिचकॉक व हॉक्स हे या गटाच्या लेखी थोर कलावंत होते. लियाँ येथे १९५२ मध्ये निघालेले ‘पोझितीफ’ हे मासिक राजकीय दृष्ट्या डावे आणि ‘काये’चे कडवे प्रतिस्पर्धी. मॅक-माओं या चित्रपटगृहाभोवती जमलेल्या आणखी एका टोळक्याने लँग, लोझी, प्रेमिंजर व वॉल्श या चौघांनाच परमपद दिले होते. पंथ, उपपंथ आणि पाखंडी यांची ही यादी वाचताना धर्मसंप्रदायांच्या इतिहासाची आठवण व्हावी, इतकी त्या काळातील भाषा अभिनिवेशाची आहे.

या प्रेमाचे फलित मोठे आहे. त्र्यूफोचा ‘द फोर हंड्रेड ब्लोज’ (१९५९) आणि गोदारचा ‘ब्रेथलेस’ (१९६०) या चित्रपटांनी ‘नवी लाट’ आणली. आणि पाहणे हीच करण्याची पूर्वतयारी असू शकते, हे प्रथमच एवढ्या ठळकपणे सिद्ध झाले. त्र्यूफोच्या या चित्रपटातील मुले चित्रपटगृहाच्या दर्शनी भागात लावलेले छायाचित्र चोरतात. ज्याची मालकी मिळत नाही त्याचा निदान एक तुकडा मिळवावा, ही सिनेफीलची जुनी आस त्या प्रसंगात साकार झाली आहे. अमेरिकेत अँड्रू सॅरिस (१९२८–२०१२) याने पॅरिसहून परतल्यावर १९६२ मध्ये कर्तावादाची मांडणी केली आणि पुढच्याच वर्षी पॉलीन केल (१९१९–२००१) हिने तिचा खरपूस समाचार घेतला. एखाद्या दिग्दर्शकाची शैली ओळखता येणे म्हणजे ती चांगली असणे नव्हे, हा तिच्या आक्षेपाचा गाभा आजही निरुत्तर करणारा आहे. तत्पूर्वी खुद्द बाझँने १९५७ मध्ये आपल्या तरुण सहकाऱ्यांना असाच इशारा दिला होता. कर्त्याच्या मोहात कृती विसरली जाते, आवडत्या दिग्दर्शकाचा फसलेला चित्रपटही थोर ठरतो आणि नावडत्याचा उत्तम चित्रपटही नाकारला जातो, हे त्याच्या लक्षात आले होते. प्रेमाने दृष्टी तीक्ष्ण होते आणि अंधही. ‘काये’चे जुने अंक चाळताना या दोन्ही गोष्टी एकाच पानावर आढळतात.

या संस्कृतीतील आणखी एक उणीव दीर्घकाळ दुर्लक्षित राहिली. युद्धोत्तर सिनेफिली ही प्राधान्याने तरुण पुरुषांची बिरादरी होती. तिच्या लेखनात नट्यांच्या सौंदर्याविषयी जेवढे उमाळे आहेत, तेवढी स्त्रीप्रेक्षकाची दखल नाही. वस्तुतः दोन महायुद्धांच्या मधल्या काळात चित्र निराळे होते. झेर्मेन द्यूलाक (१८८२–१९४२) ही दिग्दर्शिका फ्रान्समधील सिने-क्लब चळवळीच्या अग्रभागी होती. लंडनच्या फिल्म सोसायटीच्या संस्थापकांपैकी आयरिस बॅरी (१८९५–१९६९) हिने न्यूयॉर्कच्या आधुनिक कलासंग्रहालयातील चित्रपट विभाग १९३५ पासून उभारला. लांग्ल्वाच्या संग्रहालयाचा व्याप लोटे आइस्नर (१८९६–१९८३) या विदुषीने दीर्घकाळ सांभाळला. जतन करणाऱ्यांत स्त्रिया आणि घोषणापत्रे लिहिणाऱ्यांत पुरुष अशी ही विभागणी होती, आणि इतिहासात घोषणापत्रांचीच नोंद झाली. आन्येस व्हार्दा (१९२८–२०१९) हिने पहिला चित्रपट केला तेव्हा तिने फारच थोडे चित्रपट पाहिले होते, असे ती स्वतः सांगे. तरीही तो चित्रपट नव्या लाटेच्या चार-पाच वर्षे आधीचा आहे. उदंड पाहिल्याशिवाय करता येत नाही, या सिनेफील सिद्धांतास यापेक्षा ठळक अपवाद सापडणार नाही. सत्तरीच्या दशकात लॉरा मल्व्हीने रूढ चित्रपटातील नजरच पुरुषी असल्याचे दाखविले, आणि क्रिस्त्याँ मेत्झने (१९३१–९३) सिनेफीलच्या तंत्रासक्तीचा मनोविश्लेषणाच्या अंगाने उलगडा केला. चित्रपटाचा अभ्यास करणाऱ्याने त्यावरील प्रेम सोडलेलेही असावे आणि ते आठवतही असावे, अशा आशयाची मेत्झची अट प्रसिद्ध आहे.

फेब्रुवारी १९६८ मध्ये सांस्कृतिक व्यवहारमंत्री आंद्रे मालरो याच्या खात्याने लांग्ल्वास पदावरून दूर केले. कारभारातील अव्यवस्था हे कारण दिले गेले आणि ते सर्वस्वी खोटेही नव्हते. परंतु दिग्दर्शक, नट आणि प्रेक्षक रस्त्यावर आले, पोलिसांचा लाठीमार झाला, देशोदेशीच्या दिग्दर्शकांनी आपले चित्रपट दाखविण्यास मनाई केली आणि एप्रिलमध्ये सरकारला माघार घ्यावी लागली. काही आठवड्यांतच मे महिन्याचे विद्यार्थी आंदोलन भडकले. अंधारात एकेकटे बसणारे लोक सार्वजनिक कृतीस असमर्थ असतात, हा आरोप या घटनेने खोटा ठरविला.

चित्रफितींचा प्रसार १९७५ नंतरच्या दशकात झाला आणि चित्रपट घरी आणून ठेवता येऊ लागला. सिनेफील आणि ग्रंथप्रेमी यांतील मूळ भेद अशा रीतीने मिटला. चित्रपटाच्या शताब्दीनिमित्त सूझन साँटॅग (१९३३–२००४) हिने फेब्रुवारी १९९६ मध्ये न्यूयॉर्क टाइम्समध्ये लिहिलेल्या निबंधात चित्रपटाचा नव्हे तर या विशिष्ट प्रेमाचा अंत झाला असावा, अशी खंत व्यक्त केली. काळोखात, अनोळखी माणसांमध्ये बसून पडद्याच्या स्वाधीन होणे हा अनुभव घरगुती पडद्यावर मिळत नाही, हे तिचे निरीक्षण मार्मिक आहे. तथापि तिचे दुःख हे बऱ्याच अंशी पॅरिस व न्यूयॉर्कच्या रहिवाशाचे दुःख होते. ज्या शहरांत संग्रहालय नव्हते, निवडक चित्रपटगृह नव्हते, तेथील तरुणाला ओझू किंवा ब्रेसाँ प्रथम दिसला तो चित्रफितीवर, तबकडीवर किंवा पुढे आंतरजालावर. त्याच्या दृष्टीने तो अंत नसून आरंभ होता. जोनथन रोझेनबॉम आणि एड्रियन मार्टिन यांनी २००३ मध्ये संपादिलेल्या पत्ररूप संग्रहात हीच बाजू मांडली आहे. मात्र हवा तो चित्रपट हव्या त्या क्षणी थांबविता येऊ लागल्यावर पाहण्यातील शरणभाव उणावला, हे मान्य केले पाहिजे.

भारतात हा शब्द उशिरा आला. वृत्ती मात्र त्याच्या आधीची आहे. दादासाहेब फाळके (१८७०–१९४४) यांनी १९१० च्या सुमारास मुंबईत ख्रिस्ताच्या जीवनावरील चित्रपट पाहिला, आणि त्यानंतर मिळेल तो चित्रपट पाहण्याचा त्यांनी असा सपाटा लावला की, त्यांच्या दृष्टीवर परिणाम झाला. ही हकीकत मराठी वाचकास परिचित आहे. ती सामान्यतः उद्यमशीलतेची कथा म्हणून सांगितली जाते; परंतु ती पाहण्याच्या ध्यासाचीही कथा आहे. आपल्या अनुभवांविषयी ‘नवयुग’ मासिकात १९१७-१८ मध्ये त्यांनी लिहिलेले लेख हे मराठीतील या विषयावरील आद्य लेखन म्हणावे लागेल. सत्यजित राय (१९२१–९२) यांनी १९५० मध्ये लंडनच्या काही महिन्यांच्या मुक्कामात सुमारे शंभर चित्रपट पाहिले. त्याआधी १९४७ मध्ये चिदानंद दासगुप्त (१९२१–२०११) व इतर मित्रांसह त्यांनी कलकत्ता फिल्म सोसायटी स्थापन केली होती. जानेवारी १९५२ मध्ये मुंबईत भरलेल्या पहिल्या आंतरराष्ट्रीय महोत्सवाने इटालियन नववास्तववादाचा परिचय घडविला. १९५९ मध्ये फिल्म सोसायट्यांचा महासंघ झाला. मुंबईत १९६८ मध्ये ‘प्रभात चित्र मंडळ’ स्थापन झाले. त्याच्या ‘रूपवाणी’ या नियतकालिकाने मराठी चित्रपटसमीक्षेस स्थिर व्यासपीठ दिले. सोसायट्यांच्या सभासदांसाठीच्या खेळांना सेन्सॉरची सवलत असे. त्यामुळे काही सभासद कलेपेक्षा न कापलेल्या दृश्यांच्या ओढीने येत, ही तक्रार चळवळीतील कार्यकर्तेच करीत आले आहेत. तिच्यातील विनोद सोडला, तरी प्रेक्षक कशाने येतो आणि कशाने टिकतो, या दोन गोष्टी वेगळ्या असतात, हे त्यातून दिसते.

पुण्यात १९६४ मध्ये स्थापन झालेल्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाचे (ते २०२२ मध्ये राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळात विलीन करण्यात आले) शिल्पकार पी. के. नायर (१९३३–२०१६) यांची तुलना लांग्ल्वाशी नेहमी केली जाते. नाशिकला फाळके कुटुंबीयांकडून त्यांनी मिळविलेल्या रिळांमुळे ‘राजा हरिश्चंद्र’ व ‘कालिया मर्दन’ यांचे अवशेष आज पाहता येतात. अंधारात विजेरीच्या प्रकाशात वहीत नोंदी करणारे नायर ‘सेल्युलॉइड मॅन’ (२०१२) या शिवेंद्रसिंह डुंगरपूर यांच्या माहितीपटात दिसतात. परंतु नायर आणि सतीश बहादूर यांचे अधिक मौलिक कार्य दुसरेच आहे. कर्नाटकातील हेग्गोडू या खेड्यात के. व्ही. सुब्बण्णा यांच्या ‘नीनासम्’ संस्थेच्या साह्याने सत्तरीच्या दशकात त्यांनी ग्रामीण प्रेक्षकांना ‘पथेर पांचाली’, ‘राशोमोन’ यांसारखे चित्रपट दाखविले, त्यांवर चर्चा घडविल्या. सिनेफिली ही महानगरी सुशिक्षितांची मिरास आहे, हे गृहीत तेथे मोडले. पॅरिसच्या इतिहासात याला तोड नाही. जागतिक ग्रंथांत त्याचा उल्लेख क्वचितच येतो, हा त्या ग्रंथांचा दोष होय.

‘सिनेफील’ला मराठी प्रतिशब्द कोणता, याचे उत्तर आपल्या परंपरेमुळे सोपे होत नाही, उलट अवघड होते. ‘रसिक’ हा शब्द समृद्ध आहे. अभिनवगुप्ताने वर्णिलेला ‘सहृदय’ हा अनुशीलनाने घडलेला, कलाकृतीशी तन्मय होण्याची पात्रता असलेला आस्वादक होय. सिनेफीलमधील अभ्यास आणि समर्पण हे दोन्ही गुण त्यात आहेत. पण सहृदय निवांत असतो. तो भांडत नाही, याद्या करीत नाही, हरवलेल्या रिळाचा माग काढीत नाही. शिवाय नाटक मंडळ्यांनी ‘रसिक मायबाप’ म्हणून आणि जाहिरातदारांनी ‘रसिक प्रेक्षक’ म्हणून हा शब्द इतका सरसकट वापरला की, त्याची धार गेली. तमिळमध्ये तर ‘रसिगर’ म्हणजे नटाचा चाहता, एम. जी. रामचंद्रन् यांच्या ‘रसिगर मन्रम्’नी निवडणुका लढविल्या. एकाच संस्कृत शब्दाने भारतातच दोन टोके गाठली आहेत. ‘चित्रपटप्रेमी’ निरुपद्रवी आणि म्हणूनच फिका आहे. ‘सिनेमावेडा’ त्र्यूफोच्या ‘सिनेमान’शी नेमका जुळतो, परंतु त्यात विवेकाला जागा नाही. गाण्याच्या मैफलीतील ‘दर्दी’ हा शब्द आशयाच्या बराच जवळ येतो, मात्र चित्रपटाच्या संदर्भात तो रुळलेला नाही. अरुण खोपकर यांचे ‘गुरुदत्त : तीन अंकी शोकांतिका’ (१९८५) हे राष्ट्रीय पुरस्कारप्राप्त पुस्तक अशा वाचनदृष्टीचा मराठीतील उत्तम नमुना आहे. लोकप्रिय हिंदी चित्रपटांतील प्रकाश, अवकाश व गीतचित्रण यांचे ते ज्या आस्थेने विश्लेषण करते, ती आस्था आणि ती शिस्त एकत्र दाखविणारा एकच शब्द मराठीत अद्याप नाही.

मूळ फ्रेंच उच्चार ‘सिनेफील’ असा दीर्घ ईकारान्वित आहे. इंग्रजी वळणाने ‘सिनेफाइल’ असेही लिहिले जाते. परंतु त्यामुळे कचेरीतील फायलीचा भास होत असल्याने पहिले रूप स्वीकारणे इष्ट होय.